पाठीवरची सही

दुपारी चार वाजता चॅनल सातवर ओप्रा लागायची.

१९९८च्या डिसेंबरात मी न्यू जर्सीत एडिसनला आले. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, गाडी चालवता येत नव्हती, आणि नवरा सकाळी सातच्या ट्रेननं न्यूयॉर्कला गेला की संध्याकाळपर्यंत घरात आवाज फक्त हीटरचा. साताऱ्यात आमचा वाडा. तिथं भरदिवसा दार लावलेलं दिसलं तर घरात कुणी आजारी आहे का म्हणून लोक विचारायला यायचे. इथं भिंतीपलीकडे कोण राहतं हे मला मार्च उजाडला तरी ठाऊक नव्हतं. अशा घरात रोज चार वाजता टीव्हीवर ओप्रा विन्फ्री ही एक बाई आपला गप्पांचा कार्यक्रम घेऊन यायची आणि बोलायची. स्वतःच्या वजनाबद्दल, आजीबद्दल, लहानपणी सोसलेल्या अत्याचारांबद्दल. बाईमाणूस लाखो लोकांसमोर असं बोलू शकतं हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. मी चहाचा कप घेऊन समोर बसायचे. इंग्रजी बोलायला मी तिच्याकडून शिकले, आणि या देशातली माणसं कशानं हसतात, कशानं गप्प होतात हेही.

ती एखादं पुस्तक सांगायची आणि मी बर्फातून चालत लायब्ररीत जाऊन ते आणायचे. पहिलं वाचलं, आवडलं. दुसरं वाचताना रडले. तिसऱ्या वेळी मागच्या पानावरचा मजकूरही न वाचता पुस्तक उचललं. माणसाची पत अशीच वाढते. शब्द एकदा खरा ठरतो, पुन्हा ठरतो, आणि मग आपण तपासायचं सोडून देतो.

२००७ सालच्या मे महिन्यात तिनं लॅरी किंग या टीव्ही मुलाखतकाराच्या कार्यक्रमात सांगितलं की, अध्यक्षपदासाठी तिचा पाठिंबा बराक ओबामा यांना आहे. आयुष्यात पहिल्यांदाच ती एखाद्या उमेदवाराच्या पाठीशी जाहीरपणे उभी राहत होती. डिसेंबरात ती आयोवात, साउथ कॅरोलिनात आणि न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांच्याबरोबर फिरली. साउथ कॅरोलिनातल्या कोलंबिया शहरात सभा ठरली होती बंदिस्त सभागृहात. मागणी इतकी वाढली की ती फुटबॉलच्या स्टेडियममध्ये हलवावी लागली. २९ हजारांच्या आसपास माणसं आली. माझी लेक तेव्हा दीड वर्षाची होती. तिला मांडीवर घेऊन मी ते टीव्हीवर पाहत होते. माझ्याकडे ग्रीनकार्ड होतं, मताचा अधिकार नव्हता. तरी मनात मी मत देऊन टाकलं होतं.

रात्री साताऱ्याला फोन केला. बाबा सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. मी उत्साहानं सांगितलं, "बाबा, ओप्रानं ओबामांना एंडोर्स केलं."

बाबांनी हा शब्द जन्मभर एकाच अर्थानं ऐकलेला. ते म्हणाले, "पृष्ठांकन केलं? मग उद्या चेक परत आला तर ती भरणार आहे का?"

ते गंमत करत नव्हते. या बाबतीत बाबा कधीच गंमत करत नसत. १९८४ साली त्यांच्या बरोबरच्या एका कारकुनानं घरासाठी कर्ज काढलं आणि बाबा त्याला जामीन राहिले. दीड वर्षात तो माणूस गाव सोडून गेला. पुढची चार वर्षं हप्ते बाबांच्या पगारातून कापले गेले. आईच्या पाटल्या त्यात गेल्या, माझी पुण्याला शिकायला जायची वेळ एका वर्षानं पुढे गेली. त्या माणसाविषयी घरात वाईट शब्द काढायची बंदी होती. कुणी काढलाच तर बाबा एवढंच म्हणायचे, "सही माझी होती ना?"

धनादेश उलटा करून त्याच्या पाठीवर सही केली की त्याला बँकेच्या मराठीत पृष्ठांकन म्हणतात. इंग्रजी एंडोर्स हा शब्दही पाठीसाठीच्या लॅटिन शब्दावरून आलाय, आणि आपल्या पाठिंब्यात तर पाठ समोरच दिसते. पण बँकेतल्या सहीला एक शेपूट असतं. पाठीवर सही करून तुम्ही चेक पुढच्या माणसाला दिलात आणि तो वटला नाही, तर तो माणूस तुमच्या दारात येऊ शकतो. चेक-हुंड्यांविषयीच्या आपल्या १८८१च्या कायद्यात हे लिहिलेलं आहे. त्यातून सुटायचं असेल तर सही करतानाच 'माझ्यावर जबाबदारी नाही' अशा अर्थाचे शब्द घालावे लागतात. ती सोय कायदा देतो, पण तसं लिहिलेला चेक घेताना समोरचा माणूस दहा वेळा विचार करतो.

बाबांचा तो प्रश्न माझ्या डोक्यात रुतून बसला. गेली सतरा-अठरा वर्षं या देशातली प्रत्येक निवडणूक मी त्याच प्रश्नातून पाहत आलेय.

ओप्राच्या सहीची किंमत नंतर खरोखरच मोजली गेली. क्रेग गार्थवेट आणि टिमोथी मूर या दोन अर्थतज्ज्ञांनी एक साधी गोष्ट केली. ओप्राचं मासिक कुठल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जास्त खपतं आणि तिनं सांगितलेली पुस्तकं कुठं जास्त विकली जातात हे पाहिलं, आणि त्याला पक्षांतर्गत निवडणुकीतल्या मतांशी ताडून पाहिलं. त्यांचा अंदाज असा की तिच्या पाठिंब्यानं ओबामांना सुमारे १० लाख मतं जास्त मिळाली. हिलरी क्लिंटन यांच्याशी इतकी अटीतटीची लढत चालली होती की हा आकडा लहान नव्हता. मी तो वाचला तेव्हा मला बर्फातून लायब्ररीकडे जाणारी मी दिसले. पुस्तकं विकत घेणाऱ्या त्या बायका म्हणजे आम्हीच होतो. आमच्याच दुपारांचा हिशेब त्यांनी मांडला होता.

पण कोलंबियाच्या त्या सभेतली दुसरी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. स्टेडियममध्ये आलेल्यांना चार-चार मतदारांची नावं आणि फोन नंबर दिले होते, आणि आपापल्या मोबाइलवरून तिथल्या तिथे फोन करायला सांगितलं होतं. माणसं जमली ओप्रासाठी, पण फोन गेले ते त्याच राज्यातल्या साध्या माणसांचे. जानेवारीत ओबामांनी साउथ कॅरोलिनात ५५ टक्के मतं घेतली.

आणि ओप्राला काही भरावं लागलं का? थोडं लागलं. तिच्या चाहत्यांत बायका जास्त, आणि पहिल्यांदाच एक बाई अध्यक्षपदाच्या इतक्या जवळ आलेली असताना ओप्रा दुसरीकडे गेली याचा राग अनेकींना आला. माझ्या ओळखीतल्या एका अमेरिकन बाईंनी तिचा कार्यक्रम पाहणं सोडलं ते सोडलंच. बाबांना मी हे कळवलं. "मग तिची सही खरी," ते म्हणाले.

नट-गायकांना प्रचारात आणायची इथली रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. १९२० साली गायक अल जॉल्सननं ओहायोतल्या मॅरियन गावात अध्यक्षपदाचे उमेदवार वॉरन हार्डिंग यांच्या घरासमोर त्यांच्यासाठी रचलेलं गाणं म्हटलं होतं. १९२४ साली अध्यक्ष कॅल्विन कूलिज हे फार घुमे म्हणून लोक कुरकुरत होते, तेव्हा एडवर्ड बर्नेज या जनसंपर्काच्या धुरंधरानं ब्रॉडवेचे कलावंत व्हाइट हाउसमध्ये न्याहारीला नेले. पॅनकेक झाले, गाणं झालं, आणि अध्यक्ष जवळजवळ हसले असं वर्तमानपत्रांनी छापलं. पुढे १९६०मध्ये फ्रँक सिनात्रानं आपल्याच एका लोकप्रिय गाण्याचे शब्द बदलून ते केनेडींसाठी गायलं. यातल्या कुणाच्या दारात नंतर वसुलीला कोणी गेलं नाही.

एकाच्या दारात मात्र गेले. सॅमी डेव्हिस ज्युनियर. त्याच्याविषयी लिहिताना माझा हात आजही जड होतो.

सॅमी हा हार्लेममध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय गायक, नर्तक, नट, आणि सिनात्राचा जिवलग. १९६०मध्ये तो केनेडींसाठी जीव तोडून फिरला. लॉस एंजेलिसला केनेडींच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात तो मंचावर आला तेव्हा मिसिसिपीच्या गोऱ्या प्रतिनिधींनी त्याची हुर्यो उडवली, कारण मे ब्रिट या स्वीडिश गोऱ्या नटीशी त्याचं लग्न ठरलं होतं. तेव्हा अमेरिकेतल्या अनेक राज्यांत असं लग्न कायद्यानं गुन्हा होतं. आपल्या लग्नानं केनेडींची दक्षिणेतली मतं जातील या धास्तीनं त्यानं ठरलेली तारीख पुढे ढकलली. ८ नोव्हेंबरला मतदान झालं, १३ नोव्हेंबरला लग्न. स्वतःचं लग्न निवडणुकीच्या पलीकडे नेणारा माणूस! आणि जानेवारीत, शपथविधीच्या आदल्या रात्रीच्या जलशाला, ज्याची सगळी तयारी त्याचा मित्र सिनात्रा करत होता, त्याला येऊ नकोस म्हणून कळवलं गेलं.

ही जखम त्याच्या मनात किती वर्षं होती ते त्यालाच ठाऊक. बारा वर्षांनी, १९७२च्या ऑगस्टमध्ये, मायामीला रिपब्लिकन तरुणांच्या मेळाव्यात त्यानं अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना मागून येऊन मिठी मारली. निक्सन यांनी त्याला एका राष्ट्रीय सल्लागार समितीवर नेमलं होतं, मानानं वागवलं होतं. ते छायाचित्र देशभर छापलं गेलं. आणि ज्या लोकांनी त्याला आपला मानलं होतं त्या कृष्णवर्णीय समाजानं त्याला जाब विचारला. शिकागोच्या एका मोठ्या मेळाव्यात तो गायला उभा राहिला तेव्हा त्याच्याच माणसांनी त्याची हुर्यो उडवली. एकाच माणसाची दोनदा, दोन्ही बाजूंनी. ते छायाचित्र मी पुष्कळदा पाहिलंय. मिठी मारताना त्याचा चेहरा लहान मुलासारखा फुललेला आहे. मला त्यात लाचारी दिसत नाही. ज्यानं दार उघडलं त्याचे आभार मानणारा माणूस दिसतो. पण सही ती सहीच, आणि त्यानं ती मरेपर्यंत भरली.

जिवंत माणसाचं हे असं. पण जो माणूस अस्तित्वातच नाही त्याची सही कुणी घ्यायची?

१९९२ साली अमेरिकेचे उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी अशाच एका न-असलेल्या बाईशी भांडण काढलं. मर्फी ब्राउन ही टीव्ही मालिकेतली पत्रकार. कँडिस बर्गन ती भूमिका करायची. त्या मे महिन्यात मालिकेत मर्फीला मूल झालं, आणि तिनं लग्नाशिवाय, एकटीनं ते वाढवायचं ठरवलं. लॉस एंजेलिसमध्ये भीषण दंगली होऊन दोन-तीन आठवडेच झाले होते. क्वेल सॅन फ्रान्सिस्कोत कुटुंबव्यवस्थेच्या ऱ्हासाविषयी बोलले आणि त्या भाषणात त्यांनी मर्फी ब्राउनचं नाव घेतलं. ती वडिलांचं महत्त्व नाकारते आहे, असा त्यांचा आक्षेप. मग सगळी निवडणूक काही काळ तिच्याभोवती फिरली. क्वेल यांनी तिच्या बाळासाठी कापडी हत्ती पाठवला. हत्ती हे रिपब्लिकन पक्षाचं चिन्ह. अस्तित्वातच नसलेल्या बाळाला खेळणं! सप्टेंबरात मालिकेचा नवा भाग आला तेव्हा मर्फीनं, म्हणजे तिच्या लेखकांनी, पडद्यावरून उपाध्यक्षांना उत्तर दिलं आणि खरीखुरी एकल पालकांची कुटुंबं समोर बसवली. नोव्हेंबरात बुश आणि क्वेल हरले. ते मर्फीमुळे हरले असं मी म्हणणार नाही. अर्थव्यवस्था मंदावलेली होती आणि रॉस पेरो तिसरे उमेदवार म्हणून उभे होते. पण देशाचा उपाध्यक्ष ज्या बाईला उत्तर देत होता तिला मत नव्हतं, पत्ता नव्हता, आणि चुकली असती तर तिच्या दारात जायची सोयही नव्हती.

आपल्याला हे नवं नाही. रविवारी सकाळी टीव्हीला हार घालून रामायण बघणाऱ्या घरात मी वाढले. १९८८च्या अलाहाबाद पोटनिवडणुकीत काँग्रेसनं त्या मालिकेतल्या रामाला, अरुण गोविल यांना, प्रचारात उतरवलं होतं. समोर व्ही. पी. सिंग होते. लोकांनी रामाला हात जोडले आणि मत व्ही. पी. सिंगांना दिलं. माझ्या आजीला ही बातमी वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली होती, "देवानं मागितलं तर फूल द्यायचं, मत कशाला?"

२०१६मध्ये एका गाजलेल्या राजकीय मालिकेत व्हाइट हाउसची माणसं झालेले नट क्लिंटन यांच्यासाठी ओहायोभर फिरले. पडद्यावरच्या त्या शहाण्या, सुसंस्कृत सरकारचं प्रेम आपल्या उमेदवाराकडे वळेल अशी आशा असणार. ओहायो ट्रम्प यांच्याकडे गेलं. २०२४च्या जुलैत मिलवॉकीला रिपब्लिकन अधिवेशनात हल्क होगन या टीव्हीवरच्या कुस्तीगिरानं अंगातला शर्ट टराटरा फाडला आणि आतला ट्रम्प यांच्या नावाचा शर्ट दाखवला. लोक बेभान झाले. पण हल्क होगन हेही एक पात्रच. त्या माणसाचं नाव टेरी बोलिया. २०१६ साली फ्लोरिडातल्या एका खटल्यात त्यानं शपथेवर सांगितलं होतं की हल्क होगन वेगळा आणि टेरी बोलिया वेगळा. मग मिलवॉकीत सही कुणी केली? बाबा बँकेत असते तर त्यांनी तो कागद शांतपणे परत सरकवला असता.

याच देशात एका नटाच्या पात्रांना मात्र कायद्यानं गप्प बसवलं होतं. रोनाल्ड रेगन अध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा टीव्ही केंद्रांनी त्यांचे जुने सिनेमे दाखवणं थांबवलं, कारण १९३४च्या दळणवळण कायद्याप्रमाणे एका उमेदवाराला पडद्यावर वेळ दिला की बाकीच्यांनाही तेवढाच द्यावा लागतो, आणि सिनेमातलं दर्शन हाही वेळच. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. तो इंटरनेटला लागू नाही, म्हणजे आता त्याचा जोर बराच ओसरलाय.

युक्रेनमध्ये याच्या उलट घडलं. २०१५ साली तिथं 'जनतेचा सेवक' नावाची मालिका सुरू झाली. वासिल होलोबोरोद्को हा इतिहासाचा शिक्षक. देशातल्या भ्रष्टाचारावर तो वर्गात संतापून बोलतो, एक विद्यार्थी चोरून ते टिपतो, ते देशभर पसरतं आणि मास्तर राष्ट्राध्यक्ष होतो. सायकलवरून कामाला जाणारा राष्ट्राध्यक्ष. ही भूमिका करणाऱ्या वोलोदिमिर झेलेन्स्की यांनी २०१८च्या शेवटच्या रात्री खरोखरच उमेदवारी जाहीर केली. पक्षाचं नावही मालिकेचंच. ३१ मार्च २०१९ला मतदानाची पहिली फेरी, आणि त्याच आठवड्यात मालिकेचे नवे भाग टीव्हीवर. २१ एप्रिलला दुसऱ्या फेरीत त्यांना ७३ टक्के मतं मिळाली.

तेव्हा बाबा अंथरुणाला खिळले होते. मी साताऱ्यात होते आणि त्यांना पेपर वाचून दाखवायचे. ही बातमी त्यांनी दोनदा वाचायला लावली. लोकांनी मत कुणाला दिलं, मास्तरला की नटाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मास्तरला. "म्हणजे मास्तरनं पाठीवर सही केली आणि पैसे नटानं घेतले," ते म्हणाले. मग थोडा वेळ डोळे मिटून पडले आणि म्हणाले, "वटेल का नाही ते आत्ता कसं कळणार? मुदत यायची आहे." जूनमध्ये बाबा गेले.

२५ फेब्रुवारी २०२२च्या रात्री मी एडिसनच्या स्वयंपाकघरात उभी होते. रशियाचं सैन्य कीव्हवर चालून आलं होतं आणि झेलेन्स्की पळून गेले अशा वावड्या उठल्या होत्या. फोनवर एक छोटी चित्रफीत आली. काळोख, मागे सरकारी इमारत, शेजारी चार सहकारी, आणि फोन हातात धरून झेलेन्स्की सांगतायत की पंतप्रधान इथं आहेत, राष्ट्राध्यक्ष इथं आहे, आम्ही सगळे इथं आहोत. एवढंच. त्यानंतर त्यांच्या कारभाराविषयी पुष्कळ चांगलं-वाईट बोललं गेलं, आणि ते बोललं जायलाच हवं. पण त्या रात्री मला बाबा हवे होते. वसुलीला माणसं दारात आली होती आणि सही करणारा घरात होता.

माझी लेक २०२४मध्ये अठरा वर्षांची झाली. मी ओप्रावर वाढले तशी ती टेलर स्विफ्ट या गायिकेवर वाढली. त्या ऑगस्टमध्ये ट्रम्प यांनी आपल्या खात्यावर काही चित्रं टाकली. त्यातल्या एकात अमेरिकन झेंड्याच्या वेशातली टेलर लोकांना ट्रम्प यांना मत द्यायला सांगत होती. चित्र यंत्रानं बनवलेलं होतं. तिनं असं काही म्हटलंच नव्हतं. लेकीनं ते मला दाखवलं तेव्हा तिचा आवाज कापत होता. "आई, तिची सही खोटी मारलीये," ती म्हणाली. हा शब्द तिनं माझ्याकडून उचलला आणि मी आजोबांकडून.

१० सप्टेंबरला फिलाडेल्फियातली वादसभा संपली आणि काही मिनिटांत टेलरनं कमला हॅरिस यांना पाठिंबा जाहीर केला. त्या खोट्या चित्रांचा तिनं उल्लेख केला. आपण माहिती काढून निर्णय घेतलाय, तुमचा निर्णय तुम्ही माहिती काढून घ्या, असं म्हणून तिनं मतदारनोंदणीचा सरकारी दुवा दिला. एका दिवसात ४ लाख ५ हजार ९९९ लोक त्या दुव्यावरून सरकारी संकेतस्थळावर गेले. त्यात माझी लेकही होती. ती आधीच नोंदलेली होती, तरी आपलं नाव आहे ना हे बघायला गेली. नोव्हेंबरात हॅरिस हरल्या आणि सगळीकडे 'तारेतारकांचा पाठिंबा कुचकामी' असे मथळे झळकले. मला ते पटत नाही. टेलरनं त्या पोरांना मतपेटीच्या दारापर्यंत नेलं. आत काय करायचं हे तिच्या हातात नव्हतं, आणि तिनं तसं स्वच्छ सांगितलंही होतं.

आम्हा देशी लोकांना ओढायला आमच्या ओळखीची माणसं आणली जातात. २०१६च्या ऑक्टोबरात एडिसनमध्ये, माझ्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर, ट्रम्प हिंदू मतदारांच्या मेळाव्यात आले होते. तिथं दिवा लावला गेला, हिंदी सिनेमांच्या गाण्यांवर नाच झाले. २०२४मध्ये ए. आर. रहमान यांनी हॅरिस यांच्यासाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम ध्वनिचित्रित केला. दोन्हीकडची माणसं आमच्या मनातल्या एकाच कप्प्याला हात घालत होती, आणि तो कप्पा राजकारणाचा नाही. तो घराच्या आठवणीचा आहे. तिथं हात घातला की माणूस हळवा होतो आणि कागद न वाचता सही करतो. मला याचा त्रास होतो, दोन्ही बाजूंचा सारखाच.

१९९८ साली येल विद्यापीठाच्या अॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी न्यू हेवन शहरात एक प्रयोग केला. काही मतदारांना फोन केले, काहींना पत्रं पाठवली आणि काहींच्या दारात प्रत्यक्ष माणूस पाठवला. दारात आलेल्या माणसानं मतदान लक्षणीय वाढलं. फोनचा उपयोग जवळजवळ झालाच नाही. हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. दारात आलेल्या माणसाचा चेहरा लक्षात राहतो, उद्या तो दुकानात भेटू शकतो.

माझ्या दारात काकू आल्या त्या २०२०मध्ये. आमच्या गल्लीच्या टोकाला मुलाकडे राहतात, मूळच्या कराडच्या. नुकतंच नागरिकत्व मिळालेलं, पहिलंच मतदान. महासाथीमुळे न्यू जर्सीत सगळ्यांना मतपत्रिका टपालानं घरी आल्या होत्या. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अक्षरं दिसत नव्हती आणि इंग्रजी अडखळत वाचायच्या. अंगणात, मास्क लावून, सहा फुटांवर खुर्च्या टाकून आम्ही बसलो. मी सगळी नावं मोठ्यानं वाचली. अध्यक्षपदापासून शाळेच्या मंडळापर्यंत.

त्या म्हणाल्या, "तू सांग गं कुणाला द्यायचं. तुझ्यावर माझा भरवसा आहे."

चार वाजताची ओप्रा मला तेव्हा आठवली. मी तिच्यावर ठेवलेला भरवसा आता माझ्या मांडीवर येऊन बसला होता आणि तो किती जड असतो हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "काकू, मी कुणाला देणार आणि का ते सांगते. दुसऱ्याला देणारे कशासाठी देतात तेही सांगते. मग तुम्ही ठरवा." तासभर बोललो. मग त्यांनी सांगितलेले गोल मी भरले आणि त्यांनी लिफाफ्याच्या प्रमाणपत्रावर सही केली.

त्याच प्रमाणपत्रावर खाली आणखी एक जागा होती. मदत करणाऱ्यासाठी. या मताची गुप्तता राखीन असं वचन देऊन नाव, पत्ता आणि सही. मी सही केली. म्हणून काकूंनी कुणाला मत दिलं हे इथं लिहिणार नाही, आणि त्यांचा माणूस जिंकला की हरला हेही नाही.

पण पुढची चार वर्षं काकू दर गुरुवारी देवळातून येताना आमच्याकडे थांबल्या. अंड्यांचे भाव, सीमेवरची पोरं, औषधांचा खर्च, युद्धं. प्रत्येक बातमीवर त्यांचा एकच सवाल, "हे बरोबर झालं का गं? तू तर तेव्हा असं म्हणाली होतीस." कधी मी चुकले होते, तसं कबूल केलं. कधी माझं खरं ठरलं होतं, तेव्हा त्या मान हलवायच्या आणि दुसरा विषय काढायच्या. एखाद्या गुरुवारी मला थकवा यायचा. तरी चहा टाकायचे, बसायचे आणि उत्तर द्यायचे.

२०२४च्या नोव्हेंबरापर्यंत काकूंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. काउंटीकडून टपालानं आलेली नमुना मतपत्रिका त्यांनी तीन आठवडे जवळ बाळगली. या वेळी मला काही विचारलं नाही. मतदानाच्या सकाळी मी, लेक आणि काकू एकाच गाडीतून शाळेत गेलो. लेक आधी आत गेली, मग मी. काकूंना सगळ्यांत जास्त वेळ लागला.

बाहेर आल्यावर त्यांनी पर्स उघडली आणि ती नमुना मतपत्रिका नीट चौकोनी घडी करून आत ठेवली. तिच्या कडांना पेन्सिलीनं, बारीक मराठी अक्षरांत, त्यांनी बरंच काही लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नाही.